तोट्याचा वाटेकरी कोण?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत इस्लामी बँकांवर एक व्याख्यान ठेवले आहे, याचे काहींना नवल वाटले हे आमच्या कानी आले आहे. नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयाकडे आम्ही आपणहून वळलो नाही. आपल्याच घरांतून तो आमच्याकडे आला. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आता दुबई, बहरीन, कुवेत, क्वालालंपूर येथे संसार मांडून आहेत. सुटीत काशीस आली म्हणजे ती विचारतात, "आमची बँक म्हणते, आम्ही व्याज घेत नाही. मग व्याज घेणाऱ्या बँकेचा हप्ता आणि आमचा हप्ता जवळजवळ सारखाच कसा?" या प्रश्नाला उत्तर देणारे सहसा दोनच प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, हे सारे ढोंग आहे. दुसरा म्हणतो, दुसऱ्याच्या धर्माची गोष्ट आहे, आपण बोलू नये. ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत असे आमचे मत आहे.

दुसरे कारण स्थळाचे. आपण जेथे जमलो आहोत तेथून अमृतराव घाट हाकेच्या अंतरावर आहे. काशीकर त्याला राजाघाट म्हणतात. पुलाजवळचा राजघाट निराळा, आणि नवखा पाहुणा हमखास तिकडे जाऊन पोहोचतो. या घाटाच्या पायऱ्या चढून, गल्ल्या ओलांडून गोदौलिया-सोनारपुऱ्याच्या रस्त्यास लागले की मदनपुरा सुरू होतो. बनारसी शालू विणणाऱ्या आणि विकणाऱ्या मुसलमान कुटुंबांची ही जुनी वस्ती. म्हणजे पेशव्यांचा घाट आणि विणकरांची वस्ती ही एकमेकांना कैक पिढ्या लागून आहेत. शेजाऱ्याच्या धर्मात ऋणाविषयी काय सांगितले आहे, हे दोनशे वर्षांच्या शेजारात आपणांस ठाऊक नसावे, हे आपल्यासारख्या चौकस समाजाला शोभत नाही.

ज्यांच्या नावाचा हा घाट, ते अमृतराव म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावाचे वडील बंधू. १८०३ साली आर्थर वेलस्लीशी करार करून, सालीना सात लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर ते पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले आणि उत्तरेकडे आले. १८२४ साली ते वारले. त्याच सुमारास बिशप हेबर काशीस आला होता. अमृतरावांच्या वार्षिक दानाची हकीकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवली आहे. प्रत्येक ब्राह्मणास, तसेच प्रत्येक आंधळ्या-पांगळ्यास ताटभर भात आणि एक रुपया. बागेला चार दरवाजे. तीन याचकांच्या तीन वर्गांसाठी, चौथा स्वतःसाठी व नोकरचाकरांसाठी. दान घेतलेल्यास बागेतच थांबवून ठेवावयाचे, म्हणजे कोणी दुसऱ्यांदा हात पुढे करू नये. ही शेवटची युक्ती पेशवाईच्या दप्तरात मुरलेल्या माणसाचीच!

आता हा रुपया आला कोठून? कंपनी सरकारच्या खजिन्यातून. आणि कंपनी सरकार तर कर्जरोखे काढून, व्याज देऊन पैसा उभारीत होते. दानाचा रुपया कोणकोणत्या हातांतून फिरून आला, हे ताटातल्या भाताला विचारता येत नाही. धर्म हेतूविषयी बोलतो. पैसा आपल्या वाटेने चालतो. या दोहोंची गाठ घालून दाखवू, असे म्हणत ज्या संस्था गेल्या साठ वर्षांत उभ्या राहिल्या, त्यांनी आपला शब्द कितपत पाळला, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. कुराणात 'रिबा' निषिद्ध आहे आणि व्यापार विहित आहे. तसेच ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी असाही आदेश आहे. रिबा म्हणजे उसन्या दिलेल्या पैशावर, केवळ काळ लोटला म्हणून घेतलेली वाढ. यामागचा विचार असा की, पैसा देणाऱ्याने नफ्यावर हक्क सांगावयाचा असेल तर तोट्याचीही जोखीम उचलावी. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशी जी भागी, तिला 'मुदारबा' म्हणतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा. बुडाले तर भांडवल देणाऱ्याचे भांडवल गेले आणि राबणाऱ्याचे श्रम गेले. दोघांनीही भांडवल घातले तर ती 'मुशारका'. आपल्याकडे अर्धेलीने शेत करतात, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पाऊस पडला नाही तर शेताच्या मालकाचेही कोठार रिकामे राहते. सावकाराचे तसे नाही. पाऊस पडो न पडो, त्याचा आकडा वाढतच असतो.

पुढे जाण्यापूर्वी आपल्या घरातही डोकावणे भाग आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर दिलेले आहेत. तारण असेल तर महिन्यास ऐंशीवा हिस्सा, म्हणजे सव्वा टक्का. अन्यथा वर्णानुसार दोन, तीन, चार व पाच टक्के. ब्राह्मणाकडून सर्वांत कमी आणि शूद्राकडून सर्वांत जास्त. ज्याची ऐपत सर्वांत थोडी त्याच्यावर भार सर्वांत मोठा, ही त्या व्यवस्थेची उघडी बाजू झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्याच शास्त्रात दामदुपटीचा नियमही आहे. साचलेले व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबईच्या उच्च न्यायालयाने इंग्रजी अमदानीतही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला होता. ब्राह्मणाने व्याजबट्टा करू नये असेही वचन आहे. पण धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, प्रत्यक्ष पेशव्यांचे गुरू, पेशव्यांना आणि सरदारांना व्याजाने पैसा पुरवीत, हे छापून आलेल्या पत्रव्यवहारावरून सर्वश्रुत आहे. उलट देहूच्या वाण्याने आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. गुरूने खाते वाढवावे आणि वाण्याने बुडवावे, असा हा आपला इतिहास आहे.

याच इतिहासातील एक गोष्ट आजच्या विषयाची किल्ली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून खते जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशास एक विलक्षण अधिकार दिला. खतावर काय लिहिले आहे तेवढेच पाहून निकाल देऊ नका. खताच्या मागे जा, प्रथम किती पैसा हाती पडला, त्यानंतर काय काय घडले, ते तपासा. खतात मुद्दल शंभर लिहिलेले असे आणि शेतकऱ्याच्या हाती साठच पडलेले असत. उरलेले चाळीस म्हणजे मुद्दलाचा वेष घेतलेले व्याज. कागदाच्या मागे जाण्याची ही कसोटी हाती घेऊन आता आपण इस्लामी बँकेच्या दारात जाऊ.

या बँकांचा आरंभ मोठा हृद्य आहे. १९६३ साली ईजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातील मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार या अर्थशास्त्रज्ञाने एक बचत-बँक काढली. जर्मनीतील छोट्या बचत-बँका त्याने पाहिल्या होत्या. शेतकरी आणि कारागीर चार पैसे ठेवीत. त्यांना व्याज नसे. गरजूंना बिनव्याजी उसनवार मिळे आणि धंद्यात भागीने पैसा गुंतविला जाई. सरकारच्या संशयी नजरेमुळे १९६७ च्या सुमारास हा प्रयोग आटोपला. त्याच सुमारास मलायात हाजच्या यात्रेसाठी बचत करणाऱ्यांची संस्था निघाली. ती आजही 'ताबुंग हाजी' या नावाने चालू आहे. पुढे १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि पालटच झाला. १९७५ साली दुबई इस्लामिक बँक निघाली, त्याच साली जेद्दा येथे इस्लामी विकास बँक, १९७७ साली कुवेत फायनान्स हाऊस, १९७९ साली बहरीन इस्लामिक बँक. मित घम्रची बँक गावाची होती; या बँका भांडवलाच्या होत्या.

या मोठ्या बँकांनी भागीचा मार्ग थोडा आणि 'मुराबहा'चा मार्ग फार धरला. हा मुराबहा जरा सावकाश पाहू, कारण आपल्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

समजा, एक लाख दिरहमांची मोटार घ्यावयाची आहे. साधी बँक लाख दिरहम कर्जाऊ देईल आणि पाच वर्षांत समजा पंधरा हजार व्याज घेईल. इस्लामी बँक कर्ज देणार नाही. ती विक्रेत्याकडून मोटार स्वतः विकत घेईल आणि तुम्हांस एक लाख पंधरा हजारांस, पाच वर्षांच्या हप्त्यांनी विकेल. आता यात काहीच फरक नाही असे जे म्हणतात, ते घाई करतात. मोटार क्षणभर का होईना बँकेच्या मालकीची होते, आणि तेवढ्या वेळात तिला काही झाले तर नुकसान बँकेचे. ठरलेला भाव पुढे वाढत नाही. चक्रवाढीचा फास बसत नाही. हप्ता चुकल्याचा दंड बँकेने आपल्या नफ्यात न घेता दानधर्मास द्यावा असा दंडक आहे. दारू, जुगार यांसारख्या धंद्यांना पैसा पुरवावयाचा नाही, हेही आहेच. हे फरक खरे आहेत.

पण कागदाच्या मागे जा. ती मालकी बहुधा काही घटकांची, क्वचित काही क्षणांची असते. ग्राहक 'मी ही वस्तू घेईनच' असे वचन आधीच लिहून देतो. पुष्कळदा बँकेच्या वतीने वस्तू खरेदी करणारा मुखत्यारही तोच असतो. आणि पंधरा हजार हा आकडा येतो कोठून? व्याजी बँका परस्परांत ज्या दराने उसनवारी करतात, त्या दरावरून. पूर्वी लंडनचा 'लायबोर' पाहून भाव काढीत. तो दर बंद पडला तेव्हा त्याच्या जागी दुसरे व्याजदर आले. दुबईत हप्ता सारखा का, याचे उत्तर हे असे आहे. दुकान निराळे, पण तराजू एकच.

याही पुढची पायरी म्हणजे 'तवर्रुक'. ग्राहकाला वस्तू नकोच आहे, रोख पैसा हवा आहे. तेव्हा बँक बाजारात धातू खरेदी करते, तो ग्राहकास उधारीने चढ्या भावात विकते, आणि ग्राहकाच्या वतीने तोच धातू तत्काळ रोखीने तिसऱ्यास विकून पैसे त्याच्या खात्यावर जमा करते. धातू वखारीतून हलतही नाही. ग्राहकाने त्याचे तोंडही पाहिलेले नसते. आज लाख मिळाले आणि पुढे सव्वा लाख द्यावयाचे, एवढेच शिल्लक राहते.

ठेवीदाराच्या बाजूसही तेच. तत्त्वाप्रमाणे ठेवीदार हा भागीदार. बँकेस तोटा आला तर त्याच्या ठेवीस झळ लागावयास हवी. प्रत्यक्षात चांगल्या वर्षांतील नफा बाजूस काढून वाईट वर्षांत वाटतात, म्हणजे ठेवीदारास बाजारातील व्याजाच्या आसपासचा परतावा मिळत राहतो आणि तो दुसरीकडे जात नाही. ठेवीदारास, तो कोणत्याही धर्माचा असो, तोटा नकोच असतो. बँकांना दोष देताना हे विसरून चालणार नाही.

पाकिस्तानने तर राज्यसत्तेच्या बळावर हा प्रयोग केला. १९८० च्या दशकात तेथील बँकांतून व्याज हा शब्द गेला आणि 'मार्क-अप' आला. तेथील इस्लामी विचार परिषदेने १९८० च्या अहवालातच बजावले होते की, ही पद्धत सरसकट वापराल तर व्याज मागील दाराने परत येईल. आले. पुढे शरियत न्यायालयाचा १९९१ चा निकाल, सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाचा १९९९ चा निकाल, २००२ साली तो रद्द, २०२२ साली पुन्हा शरियत न्यायालयाचा आदेश. आणि आता २०२४ च्या घटनादुरुस्तीने १ जानेवारी २०२८ ही मुदत घातली आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ एक देश एका शब्दाशी झुंजत आहे, आणि त्यात चेष्टा करण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही.

आता ज्या प्रकरणाने हा प्रश्न अगदी उघडा पडला, ते सांगतो. शारजाची दाना गॅस ही कंपनी. तिने 'सुकूक' काढले होते. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नात वाटा देणारे रोखे. सत्तर कोटी डॉलर फेडण्याची वेळ आली तेव्हा, जून २०१७ मध्ये, कंपनीनेच जाहीर केले की, आमचे हे रोखे शरियतीस धरून नाहीत, म्हणून ते बेकायदा आहेत, म्हणून आम्ही ठरल्याप्रमाणे फेडणार नाही. पैसे घेताना धर्मसंमत आणि देताना धर्मबाह्य! प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला की, दर्शनी किमतीस रोखे परत घेण्याचे वचन इंग्रजी कायद्याखाली दिलेले आहे आणि ते बंधनकारक आहे. लंडनच्या न्यायाधीशास शरियतीच्या कागदामागे जाण्याचे कारणच नव्हते. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण एक गोष्ट राहून गेली. दर्शनी किमतीचे हे वचन असले तर गुंतवणूकदार तोट्याचा वाटेकरी राहतच नाही, हा आक्षेप कोणा परक्याचा नव्हता. पाकिस्तानचे तकी उस्मानी, या क्षेत्रातील सर्वांत मान्यवर धर्मशास्त्री, यांनी तो दहा वर्षे आधी, २००७ सालीच, घेतला होता आणि बाजारातील बहुसंख्य सुकूक या कसोटीस उतरत नाहीत असे म्हटले होते.

हेच आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. या बँकांचे सर्वांत कठोर परीक्षक त्यांच्याच घरातले आहेत. संघटित तवर्रुक ग्राह्य नाही असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००९ साली केला. आणि बिनव्याजी बँकेचा आराखडा ज्यांनी प्रथम तपशिलाने मांडला त्यांतील एक अग्रणी, मुहम्मद नजातुल्ला सिद्दीकी, हे आपल्या शेजारच्या गोरखपूरचे. अलीगढास ते शिकले आणि शिकविले. बिनव्याजी बँकव्यवसायावरील त्यांचे उर्दू पुस्तक १९६९ सालचे. १९८२ साली त्यांना फैसल पारितोषिक मिळाले. २०२२ साली ते वारले. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात तवर्रुकवर कडक टीका केली. कारण त्यांच्या आराखड्यात बँक भागीदार होती आणि प्रत्यक्षात ती उधारीचा दुकानदार झाली होती.

आपल्या देशात इस्लामी बँक अशी नाही. १९४९ च्या बँकिंग कायद्याप्रमाणे बँकेस मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, मग मुराबहा कसा व्हावा? रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी व्यवहारास वाट द्यावी असे सुचविले. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा विचार पुढे न नेण्याचे ठरविले. मधल्या काळात, २०१६ साली, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस लोकमंगल सहकारी बँकेच्या शाखेने बिनव्याजी योजना काढली होती, ही महाराष्ट्रातील नोंद येथे करून ठेवतो. बाकी उत्तरेत मुस्लिम फंड नावाच्या संस्था आहेत. देवबंदची १९६१ सालची, नजीबाबादची १९७१ ची. ठेवीवर काही मिळत नाही. दागिने तारण ठेवून बिनव्याजी पैसा मिळतो. खर्चासाठी कराराच्या कागदाची किंमत घेतात. ही किंमत कर्जाच्या रकमेप्रमाणे वाढू लागली की ती पुन्हा व्याजाकडेच झुकते, असा आक्षेप येथेही आहे. तरीही गरीब बाईच्या बांगड्या सावकाराच्या घरी न जाता परत तिच्या हातात येतात, हे या फंडांचे श्रेय आम्ही मोठे मानतो.

उलट बाजूही आहे. बेंगळूरच्या 'आय मॉनेटरी अॅडव्हायझरी'ने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो कुटुंबांचा पैसा गोळा केला, आणि जून २०१९ मध्ये सारा डोलारा कोसळला. तेथे ठेवीदार खरोखरच तोट्याचे वाटेकरी झाले. नफ्याचे मात्र कधी नव्हतेच. धर्माचे नाव पुढे असले की हिशेब मागण्याची लाज वाटते, आणि त्या लाजेवरच असले लोक जगतात. आपल्यातही 'देवाच्या कामाचा हिशेब कशाला' असे म्हणणारे थोडे नाहीत.

मग या बँका तत्त्वास उतरतात काय? आमचे उत्तर असे: निषेधाचा शब्द त्यांनी बव्हंशी पाळला आहे, वाटेकरी होण्याचे तत्त्व बव्हंशी पाळलेले नाही. आणि जेथे थोडेबहुत पाळले गेले, तेथे संस्था लहान होती आणि माणसे एकमेकांना ओळखत होती.

आता पुन्हा मदनपुऱ्यात या. येथील विणकरास शालू देताच पैसे मिळतात असे नाही. पुष्कळदा पुढच्या तारखेचा चेक मिळतो. घरात आजच चूल पेटवावयाची असेल तर तो चेक दलालाकडून आधी वटवून घ्यावयाचा, आणि त्यासाठी रक्कम कापून द्यावयाची. या कपातीस कोणी व्याज म्हणत नाही. देणारा म्हणत नाही, घेणारा म्हणत नाही. हिंदू व्यापारी म्हणत नाही आणि मुसलमान व्यापारीही म्हणत नाही. आपल्या घरी लग्नात आलेला बनारसी शालू कदाचित याच वाटेने आलेला असेल. रिबाचा निषेध ज्याच्यासाठी सांगितला, तो हा मागावरचा माणूस. आणि त्याच्यापर्यंत ना आखाती बँक पोहोचली, ना आपली.

शेवटी मंडळाच्या कामाचे बोलतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून गरजू विद्यार्थ्यांस परतफेडीच्या बोलीवर मदत द्यावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. मसुदा आम्हांस वाचावयास मिळाला. त्यात व्याज नाही, ही आनंदाची गोष्ट. परंतु सातव्या कलमात, शिल्लक रकमेवर दरसाल शेकडा दोन 'सेवाशुल्क' घालण्यात आले आहे. शिल्लक रकमेवर, दरसाल, शेकड्याने जे आकारतात त्याला काय म्हणतात, हे इतका वेळ ऐकल्यानंतर आपणांस सांगावयास नको. कागद, टपाल, हिशेबनीस यांचा खर्च असेल तितके रोख रुपये प्रत्येकाकडून एकदाच घ्यावेत. पन्नास हजार घेणाऱ्यास आणि पाच हजार घेणाऱ्यास सारखेच. दुसरे, आठव्या कलमाप्रमाणे विद्यार्थी आजारी पडला वा त्याची नोकरी गेली तरी जामीनदाराने सगळी रक्कम एकदम भरावी असे आहे. तेथे एक वर्षाची सवड आणि त्यानंतर निम्मा भार निधीने सोसावा, अशी दुरुस्ती आम्ही सुचवितो. निधी त्यामुळे थोडा झिजेल. किती, याचा तक्ता खजिनदारांनी तयार करावा. मसुद्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जावी आणि आपले मत येत्या रविवारपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्यावे.